कानठळ्या बसल्यानंतर

पडद्यावर रक्त दाखवणं सोपं आहे. प्रेक्षकाला मरणाऱ्या माणसाच्या जागी नेऊन उभं करणं फार कठीण. युद्धपटांत ज्या दिग्दर्शकांना ते साधलं, त्यांनी बहुतेक वेळा आपल्यापासून काहीतरी काढून घेतलं आहे: कधी आवाज, कधी दृश्याची खोली, कधी संगीताचा आधार.

लुइस माइलस्टोनच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'मध्ये (१९३०) मशीनगन आडवी फिरते आणि कॅमेराही त्याच चालीनं धावत्या सैनिकांवरून सरकतो. जिथं नजर पोचते, तिथला माणूस कोसळतो. एका स्फोटाचा धूर विरतो तेव्हा काटेरी तार घट्ट धरलेले दोन हात तेवढे उरलेले असतात. बाकीचं शरीर कुठं गेलं, हे आपल्यालाच मनात पुरं करावं लागतं.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधला (१९९८) ओमाहा किनाऱ्यावरच्या हल्ल्याचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी शटरचा कोन नेहमीच्या १८० अंशांवरून ९० आणि ४५ अंशांवर आणला. त्यामुळे हालचालीतला धूसरपणा गेला आणि उडणारा वाळूचा कण न् कण सुटा, टोकदार दिसू लागला. भिंगांवरचा संरक्षक लेपही काढून टाकला होता. हे तंत्र पुढं इतकं उचललं गेलं की आज ते नुसती शैली वाटते. मला त्या प्रसंगात जास्त मोलाची वाटते ती कॅप्टन मिलरची बधिरता. स्फोटानं त्याचे कान बंद होतात, गलका दूर जातो आणि एक सैनिक आपलाच तुटलेला हात वाळूतून उचलताना दिसतो. जॉन विल्यम्ससारखा संगीतकार हाताशी असूनही दिग्दर्शक स्पीलबर्गनं या साऱ्या प्रसंगात संगीत वापरलेलं नाही.

पण हीच बधिरता एलेम क्लिमोव्ह यांनी १३ वर्षं आधी, कितीतरी खोलवर वापरली होती. 'कम अँड सी' (१९८५) हा नाझींनी व्यापलेल्या बेलारूसचा चित्रपट. जंगलात बॉम्ब पडतात, किशोरवयीन फ्लोऱ्याच्या कानात तीक्ष्ण शिट्टी सुरू होते आणि ती लवकर थांबतच नाही. माणसं बोलतात ती पाण्याखालून बोलल्यासारखी. त्याच अवस्थेत तो ग्लाशा या मुलीबरोबर आपल्या गावी येतो. घरात कुणी नाही, रस्सा मात्र अजून गरम आहे, माश्या घोंगावताहेत. सगळे बेटावर लपले असतील म्हणून तो धावत सुटतो. मागून पळणारी ग्लाशा क्षणभर वळून पाहते: घराच्या भिंतीशी प्रेतांची रास. दृश्य लगेच सरकतं. तिनं पाहिलं, आपण पाहिलं. ज्याची माणसं मेली, त्यानं मात्र पाहिलेलं नाही. प्रेतांवर कॅमेरा रेंगाळला असता तर ही यातना उणावली असती. पुढं क्लिमोव्ह पात्रांना थेट कॅमेऱ्यात बघायला लावतात, आणि मग प्रेक्षकाला नजर चुकवायला जागा उरत नाही.

जिलो पोंतेकोर्वो यांचा प्रश्न वेगळा होता: हिंसा दोन्ही बाजूंची असेल तर कॅमेरा कुठं ठेवायचा? 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' (१९६६) वार्तापटासारखा कृष्णधवल, खरबरीत दिसतो; त्यात वार्तापटाची एकही खरी फीत नाही. बॉम्ब ठेवायला आलेली अल्जिरियन स्त्री कॅफेतले चेहरे न्याहाळते, त्यात आइस्क्रीम खाणारं एक मूलही असतं. आणि मृत फ्रेंच असोत की अल्जिरियन, त्यांच्यासाठी शोकाचं संगीत एकच आहे. राजकीय चित्रपटात एवढा न्यायबुद्धीचा संगीतवापर मी दुसरा पाहिलेला नाही.

लास्लो नेमेश यांनी 'सन ऑफ सॉल'मध्ये (२०१५) आउशवित्झची छळछावणी जवळजवळ पुसूनच टाकली. चौकोनी चौकट, कैदी सॉलच्या चेहऱ्याला आणि मानेला चिकटलेला कॅमेरा, मागचं सगळं धूसर. दारं आपटतात, किंकाळ्या येतात. छावणी आपण ऐकतो.

आपल्याकडे चेतन आनंद यांनी १९६२च्या भारत-चीन युद्धावर 'हकीकत' (१९६४) केला. लडाखचं उघडं, निर्दय भूदृश्य त्यात फार प्रभावी आहे. घरच्या आठवणीत बुडालेल्या जवानांसाठी रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर यांच्या आवाजातलं गाणं येतं, आणि ते शोभतंही, कारण पराभवाचं दुःख चित्रपटानं लपवलेलं नाही. नंतरच्या 'बॉर्डर'पासून (१९९७) 'उरी'पर्यंत (२०१९) तांत्रिक सफाई खूप वाढली, पण गोळी लागली की पार्श्वसंगीत चढतं आणि काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरवून टाकतं. त्या गदारोळात गोळी लागलेल्या जवानाचा श्वास ऐकू येत नाही. तो ऐकवण्याची साधनं आज मुंबईतल्या कुठल्याही चांगल्या ध्वनिसंयोजकाकडे आहेत. दिग्दर्शकानं दोन मिनिटं वाद्यवृंद थांबवायला हवा.