डोक्यात किडा वळवळतोय? गोळी आहे!

‘डोक्यात किडा वळवळणं’ हा नुसता वाक्प्रचार वाटतो ना? पण माहीत आहे का, टीनिया सोलियम या फीतकृमीच्या अळ्या खरोखरच मेंदूत मुक्काम ठोकतात! आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसरकोसिस. आणि तो कळतो बहुतेकदा अचानक आलेल्या फिटमुळे.

शाकाहारी आहात म्हणून निर्धास्त? छे! मेंदूत अळी पोचते ती डुकराचं मांस खाल्ल्यानं नव्हे, तर माणसाच्या विष्ठेतली कृमीची अंडी पोटात गेल्यानं. न धुतलेली कोथिंबीर किंवा कुणाचे अस्वच्छ हात, एवढं पुरतं. हा किडा व्हेज-नॉनव्हेज बघत नाही!

औषध मात्र ओळखीचं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मुलं चघळतात ना, तीच अल्बेंडाझोल! शाळेत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, काम खल्लास. मेंदूसाठी वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, रोज, १० ते १४ दिवस. मेंदूत अळ्यांच्या जिवंत गाठी दोनपेक्षा जास्त? मग जोडीला प्राझिक्वांटेल. डबल अटॅक!

डाएटवाल्यांनो, ऐका! ही गोळी स्निग्ध जेवणासोबत घेतली तर औषध रक्तात सुमारे पाचपट उतरतं. इथे तूप ऑन ड्यूटी!

आता खरा ट्विस्ट. जिवंत अळी वर्षानुवर्षं गुपचूप बसते. धिंगाणा होतो ती मरताना. शरीराची प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते, मेंदूला सूज येते, फिट वाढतात. म्हणून आधी स्टेरॉईड, मग कृमिनाशक. डोळेही आधी तपासतात, कारण तिथे अळी मेली तर दृष्टीच धोक्यात. मेंदू आधीच खूप सुजला असेल, तर कृमिनाशक चक्क देत नाहीत! तेव्हा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं नकोच.

चला आफ्रिकेत! तिथल्या निद्रारोगाचे परजीवीही मेंदू गाठतात. जुनं औषध मेलारसोप्रोल, म्हणजे आर्सेनिकचं संयुग! सुमारे ५ टक्के रुग्ण औषधानंच दगावत. मग आलं एफ्लोर्निथिन. बनवलं कॅन्सरसाठी, तिथे नापास, इथे हिरो. आणि माहीत आहे का, तेच औषध चेहऱ्यावरची नको असलेली लव कमी करणाऱ्या क्रीममध्येही आहे! २०१८ मध्ये निद्रारोगावरच्या फेक्सिनिडाझोलला हिरवा कंदील मिळाला: १० दिवस गोळ्या, सलाईनची कटकट नाही.

कॅन्सरकडून आलेला आणखी एक हिरो मिल्टेफोसिन. भारतात २००२ मध्ये काळा आजारावर मंजूर, आता मेंदू खाणाऱ्या अमिबावरही. २०२४ मध्ये केरळमधला एक शाळकरी मुलगा या अमिबाच्या तावडीतून सुटून घरी गेला. त्याच्या औषधांत मिल्टेफोसिनही होतं!