बदक वेचून आणणारा कुत्रा

बदकाच्या शिकारीत नेम लागला म्हणजे काम संपले असे होत नाही. ससा किंवा तितर पडतो तो जमिनीवर. चार पावले चालले की हाती येतो. बदक पडते ते पाण्यात, बहुधा पहाटेच्या अर्धवट उजेडात, काठापासून दूर, आणि पुष्कळदा ते मेलेलेही नसते. पंखात छर्रा बसलेले बदक बुडी मारते, पाणगवतात शिरते आणि चोच तेवढी पाण्याबाहेर ठेवून निपचित बसून राहते. शिकाऱ्याच्या हिशेबात ते धरले जात नाही, पण थव्यातून मात्र ते कायमचे वजा होते. बंदुकीची ही उधळपट्टी थोडी तरी आटोक्यात यावी म्हणून युरोप-अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून एक प्राणी घडवला. त्यालाच आपण आज रिट्रीव्हर म्हणतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या पाण्यावर उतरणारी बदके वाचवायची असतील तर या कुत्र्याचा इतिहास नीट पाहायला हवा, असे माझे म्हणणे आहे. बारामती-इंदापुरात बदकांची शिकार कायद्याने बंद झाली, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली, मग शिकारी कुत्र्याचे इथे काय काम, असा प्रश्न पडेल. पण त्या कुत्र्याला जे शिकवावे लागले, नेमके तेच उजनीच्या काठावर कुणी शिकलेले नाही.

आधी कुत्रा. लॅब्रेडॉर हे नाव कॅनडातल्या लॅब्रेडॉर प्रदेशाचे असले तरी त्याचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथले कोळी जाळ्यातून निसटलेले मासे आणि पाण्यात पडलेल्या दोऱ्या ओढून आणायला हे कुत्रे पाळत. इंग्लंडातल्या उमरावांनी ते नेले, पक्षी आणायला लावले, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबाने त्यांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. गोल्डन रिट्रीव्हरचे मूळ स्कॉटलंडात. लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ साली नूस नावाचा पिवळसर नर आणि बेल नावाची पाणस्पॅनियल मादी यांचे पहिले वेत वाढवले. अंगावर दुहेरी केस, त्यातला आतला थर दाट आणि तेलकट, म्हणजे बर्फाळ पाण्यातही अंग कोरडे, बोटांमध्ये पडदा, सुकाणूसारखी जाड शेपटी. हे सगळे दिसण्यातले. खरी करामत तोंडात आहे. पाण्यातले फडफडते बदक दातात धरायचे, पण चावायचे नाही. कातडीला भोक न पाडता मालकाच्या हातात ठेवायचे. कुत्रा हा लांडग्याच्या वंशातला. धरणे, झटकणे आणि फाडणे ही त्याची उपजत साखळी. निवड करणाऱ्यांनी ती साखळी मधेच तोडली आणि ‘धरणे’ एवढेच शिल्लक ठेवले.

पण याहूनही अवघड धडा वेगळाच असतो. बंदूक वाजते, बदक पडते, आणि कुत्रा बसून राहतो. नजरेने पडलेली जागा टिपायची, एकाहून अधिक पक्षी पडले तर प्रत्येकाची जागा लक्षात ठेवायची, पण आज्ञा मिळेपर्यंत हलायचे नाही. कारण एका बदकासाठी कुत्र्याने उडी घेतली की उरलेला सगळा थवा उठतो. पोहायला कुठलाही कुत्रा शिकतो. बसायला शिकवण्यात महिने जातात. पुण्यातल्या सदनिकांत चपला तोंडात घेऊन फिरणाऱ्या लॅब्रेडॉरांना हा अर्धा वारसा मिळाला आहे, उरलेला अर्धा कुणी शिकवलेला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

या घराण्यातला सर्वांत चमत्कारिक सदस्य कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला टोलर. तो आणतो, पण त्याआधी बोलावतो. शिकारी लपून बसतो, तांबूस रंगाचा हा कुत्रा काठावर काटकीमागे धावतो, बागडतो, झुडपाआड जातो, परत दिसतो. आणि दूरची बदके पळण्याऐवजी बघायला जवळ येतात. कोल्हेही ही युक्ती करतात असे म्हटले जाते. हॉलंडमध्ये कोइकरहोंड्ये नावाचा छोटा कुत्रा आडव्या लावलेल्या पडद्यांमधून शेपटी हलवत चालतो आणि बदके त्याच्या मागोमाग जाळीच्या बोगद्यात शिरतात. आता त्यांतले काही सापळे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यासाठी वापरतात, म्हणजे कुत्रा तोच, शेवट वेगळा. यातून एक गोष्ट सिद्ध होते. बदक कुत्र्याला कधीच दुर्लक्षित करत नाही. काठावर कुत्रा दिसला की चरणे थांबते, माना वर होतात, थवा एकतर सरकतो नाहीतर उडतो. कुत्रा काही करो वा न करो, बदकाचा वेळ त्याच्या नावावर जातो.

आपल्याकडे ही परंपरा रुजली नाही. दख्खनचे शिकारी कुत्रे म्हणजे कारवानी, पश्मी, मुधोळ. उंच पायांचे, सडपातळ, नजरेने सावज धरून माळावर ससा गाठणारे. पाण्याशी त्यांचे देणेघेणे नाही आणि धरलेले सोडून देणे त्यांच्या रक्तात नाही. हिंदुस्थानातल्या तळ्यांवर साहेबांची आणि संस्थानिकांची बदके बहुधा माणसेच वेचत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४२७३ पक्षी पडले, तो आकडा तिथल्या शिलालेखावर कोरलेला आहे. बाकी कायद्याचा प्रवास थोडक्यात असा: १९१२ चा ब्रिटिशकालीन कायदा, १९५१ चा मुंबई राज्याचा, मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, ज्यात परवान्याची सोय होती, आणि १९९१ ची दुरुस्ती, जिने ती सोय काढून टाकली. इकडे भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. भिंत माढा तालुक्यात, फुगवटा इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत. पाण्याचे वय आणि पूर्ण शिकारबंदीचे वय यांत जेमतेम अकरा वर्षांचे अंतर आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. शिकारीची हौस असलेल्या देशांनी स्वतःवर पहिले मोठे बंधन कुठले घातले असेल, तर ते हंगामाच्या शेवटावर. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात १९१६ साली करार झाला आणि १० मार्च ते १ सप्टेंबर स्थलांतरित बदकांवर बंदूक चालवायची नाही असे ठरले. युरोपने १९७९ च्या पक्षी-निर्देशात विणीच्या जागी परतणाऱ्या पक्ष्यांची शिकार निषिद्ध केली. हे नियम शिकार चालू ठेवू इच्छिणाऱ्या माणसांनी केले आहेत, म्हणून त्यांची साक्ष मला जास्त मोलाची वाटते. ऑक्टोबरात मारलेले बदक आणि मार्चमध्ये मारलेले बदक यांची किंमत सारखी नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते. ऑक्टोबरच्या थव्यात त्याच वर्षी जन्मलेली अननुभवी पिल्ले भरपूर असतात आणि त्यांतली कित्येक हिवाळा काढणारच नसतात. अँडरसन आणि बर्नहॅम यांनी १९७६ साली मॅलार्ड बदकांच्या कड्यांच्या नोंदींवरून मांडले, की एका मर्यादेपर्यंत शिकारीतले मरण हे नैसर्गिक मरणाची जागा घेते, त्यात भर घालत नाही. शिकारी हा आधार आजही देतात. पण तो लागू पडतो तो हिवाळ्याच्या तोंडाशी. मार्चपर्यंत चाळण होऊन गेलेली असते; उरलेले प्रत्येक बदक हे विणीला जाणारे बदक असते.

शिवाय ते एकटे नसते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरणारे तलवार बदकाचे नर मादीसारखेच मळकट दिसतात. पुढच्या महिन्यांत त्यांची पिसे बदलतात आणि हिवाळी मुक्कामातच जोड्या जमू लागतात. थापट्या आणि इतर उथळ पाण्यातल्या बदकांचेही तेच. पुढची गंमत अशी, की मादी साधारणपणे आपल्या जन्मस्थळाकडे परतते आणि नर तिच्यामागे जातो. म्हणजे उजनीवर जमलेल्या जोडीतला नर सायबेरियातल्या कुठल्या दलदलीत घरजावई होणार हे भिगवणच्या पाण्यावर ठरते. चक्रवाकाच्या जोडीला आपल्या कवींनी रात्रीचा विरह लावून दिला. विरहाचे सोडा, जोडी मात्र त्यांनी बरोबर पाहिली होती. जोडीबरोबर चरबीचाही प्रश्न असतो. निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत पक्षी अधाशासारखे खातात. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडताना ७२९० मीटर उंचीवर नोंदला गेला आहे. ते इंधन इथल्या गाळात आणि शेतांत भरलेले असते. त्या दिवसांत एकदा उठलेला थवा दोनदा नुकसान सोसतो: उडण्यात ऊर्जा जाते आणि तेवढा वेळ खाणे थांबते.

नेमक्या याच वेळी उजनी आटते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ ही बातमी इंदापूरकरांना नवी नाही. पाणी मागे सरते, पळसदेवचे बुडालेले देऊळ डोके वर काढते, गाळपेर जमिनीवर पिके उभी राहतात. उथळ चिखल बदकांना आणि रोहितांना हवाच असतो. पण पाणी आटले की बेटांना काठ जोडले जातात, आणि जिथे फक्त होडी जात होती तिथे चार पाय चालत जातात. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या याच चिखलावर फिरतात. रिट्रीव्हरचे सगळे अवगुण त्यांच्यात आहेत, गुण एकही नाही: ती पाठलाग करतात, पण थांबत नाहीत. सिडनीजवळच्या जंगलात केलेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो, की साखळीत बांधलेला कुत्रा नुसता फिरवून नेला तरी त्या वाटेवर पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के आणि संख्येत ४१ टक्के घट दिसली. ते जंगल होते, इथे उघडा चिखल आहे. लपायला झाड नसलेल्या जागी परिणाम सौम्य असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. आपला कायदाही शिकारीच्या व्याख्येत नुसते मारणे धरत नाही. कुत्री घालून पाठलाग करणे आणि हाकून नेणे हेही त्यात येते. मोकाट कुत्र्यावर कलम लावता येत नाही, एवढीच पळवाट.

यावर पहिला आक्षेप असा, की भोवत्या म्हणजे हॅरियरही दिवसभर बदके उठवतो, मग कुत्र्यावर राग का? भोवत्याचे पोट पाण्यावर अवलंबून आहे. पक्षी कमी झाले की भोवतेही कमी होतात. कुत्र्याचे पोट गावात भरते. मासळीची घाण, मेलेल्या कोंबड्या, ढाब्यांचे उरलेसुरले जिथे उघड्यावर पडते तिथे कुत्र्यांची संख्या वाढते, मग पाण्यावर एक बदक असो की दहा हजार. म्हणून उपायही गावातच आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण केलेला कुत्रा उचलला त्याच जागी सोडावा लागतो. त्यामुळे कुत्री हलवण्याच्या मागण्या करण्यापेक्षा कचऱ्याची जागा हलवणे जास्त खरे.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. अमेरिकेत १९३४ पासून बदक-शिकाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून लाखो एकर पाणथळ जागा विकत घेतल्या गेल्या. बंदी घालून आपण तो पैसाही घालवला आणि पाणथळीला मालकही ठेवला नाही, असे काही जण म्हणतात. पहिल्या अर्ध्या वाक्यात तथ्य आहे. पण तिथे विणीची जागा, वाट आणि हिवाळी मुक्काम यांचा मोठा भाग दोनतीन देशांच्या ताब्यात आहे आणि मोजणी दरवर्षी होते. मध्य आशियाई उड्डाणमार्गावर सुमारे तीस देश येतात. रशियात तर वसंतातली मर्यादित शिकार अजून चालते. आणि उजनीत पाणी किती ठेवायचे हे कुठल्याही तिकिटाच्या पैशाने ठरत नाही. ते उसाने, पिण्याच्या पाण्याने आणि सोलापूरच्या आवर्तनाने ठरते. शिकाऱ्यांकडून घ्यायचेच असेल तर तिकीट सोडून त्यांची तारीख घ्यावी.

तिसरा आक्षेप होडीवाल्यांचा. कुंभारगाव, डिकसळच्या कित्येक घरांचे हिवाळ्याचे उत्पन्न पर्यटकांवर आहे, आणि पर्यटकाला जवळचा फोटो हवा असतो. हे खरे आहे, आणि पक्षी टिकले तर ते याच लोकांच्या हितसंबंधामुळे टिकतील. पण मार्चमध्ये थव्यात होडी घालून उडते पक्षी दाखवणे हा कुत्र्याचाच धंदा होतो, फक्त वल्ही लावून. इंजिन बंद करून, एका जागी थांबून, चरत चरत बदकांनाच जवळ येऊ देणारा वाटाड्या जास्त चांगला फोटो मिळवून देतो. टोलरची गोष्ट हेच सांगते, की अंगावर कुणी धावून आले नाही तर बदक स्वतःहून जवळ येते.

फेब्रुवारीच्या मध्यापासून बदके जाईपर्यंत, साधारण दोन महिने, भिगवणच्या फुगवट्यावर होड्यांना ठरावीक अंतर आणि काठावर मासळीची घाण टाकायला बंदी, एवढे दोन ठराव ग्रामसभांनी केले तरी पुष्कळ होईल. आणि तुम्ही त्या दिवसांत कुत्रा घेऊन तिकडे निघाला असाल, मग तो लॅब्रेडॉर का असेना, तर त्याला घरी ठेवून या.