भंगाराच्या भावात आलेली पट्टा करवत

ऊस लागवड, खोडवा, ठिबक आणि खतांच्या मात्रा यांवर आपण पुष्कळ वाचतो. परंतु हा ऊस फडातून निघून कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत ज्या लोखंडावर बसून येतो, त्या लोखंडाविषयी फारसे कुणी लिहीत नाही. ट्रॉलीचा सांगाडा, टायरगाडीचा आस, हुकाची पिन, विहिरीवरच्या पंपाचे पाइप, हे सगळे कुठेतरी कापावे आणि जोडावे लागतेच. गळीत हंगाम तोंडावर आला की नायगाव आणि नरसी भागातल्या वेल्डिंगच्या शेडपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. पाइप, अँगल तिथे कापून मिळतो. तीन इंची गोल बार कापायचा म्हटले की मात्र नांदेड गाठावे लागते, आणि एका कापासाठी अख्खा दिवस जातो.

आमच्या घरीही असे एक लहानसे वर्कशॉप आहे. पुतण्या आयटीआय करून आला आणि मळ्यातल्या शेडमध्ये त्याने वेल्डिंगचे काम सुरू केले. काम चांगले चालते, पण आमच्या जिवाला एक घोर होता. लोखंड कापायला तो फिरत्या चकतीचे मशीन वापरी. या चकतीच्या ठिणग्या किती लांब उडतात हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. शेडपासून चाळीस पावलांवर कडब्याची गंजी आणि बांधापलीकडे उभा ऊस. पाचट वाळलेले, वारा सुटलेला, अशा दिवसांत एक ठिणगी पुरे. जळीत उसाचे काय होते हे सभासदांना आम्ही सांगायला नको. तोड लवकर मिळाली नाही तर वजन घटते, उतारा घटतो आणि वर कपात बसते ती वेगळीच. शिवाय आग आपल्या बांधाशी थांबत नाही, शेजाऱ्याचाही ऊस घेऊन जाते. घरात यावरून दोनदा बोलाचाली झाली. वहिनी तर म्हणाल्या, "दुकान गावात न्या, नाहीतर बंद करा." गावात जागेचे भाडे परवडत नव्हते.

अशा वेळी एका बंद पडलेल्या वर्कशॉपचा माल विकायला निघाल्याचे कळले. त्यात लोखंड कापायची एक आडवी पट्टा करवत होती. बँडसॉ म्हणतात ती हीच. दोन चाकांवरून दातेरी पोलादी पट्टा अखंड फिरत राहतो आणि त्याचा वरचा हात आपल्या वजनाने हळूहळू खाली येत माल कापतो. ठिणगी उडत नाही, चकतीसारखा कानठळ्या बसवणारा आवाज नाही, काप सरळ येतो. विकणाऱ्याने स्वच्छ सांगितले, "मशीन पाती खाते, म्हणून काढतोय." सोबत बोथट पात्यांचे एक भेंडोळेही त्याने दिले. यंत्र ३५० किलो भरले. ३८ रुपये किलोच्या भावाने १३,३०० रुपये मोजून आम्ही ते ट्रॉलीत टाकून घरी आणले. नवे यंत्र घ्यायचे तर लाखाच्या वर बोलावे लागते.

पहिले काम गंजाचे. येथे आपल्याच धंद्यातली एक वस्तू कामाला आली, ती म्हणजे मळी. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी असे पिंपात कालवून त्यात गंजके लोखंड बुडवून ठेवले की मळीतली द्रव्ये गंजातल्या लोहाला धरून पाण्यात ओढतात. खालचे चांगले लोखंड बरेचसे शाबूत राहते. आठ-पंधरा दिवस लागतात, फेस येतो आणि वास तर असा येतो की पिंप गोठ्याच्या मागेच ठेवावे. व्हाईसचा स्क्रू, हँडल, नटबोल्ट आणि पात्याचे झाकण आम्ही असे काढले. मात्र अॅल्युमिनियमचा किंवा जस्ताचा भाग त्यात टाकू नये, तो खाल्ला जातो. बिडाचा भाग विसरून महिनोन् महिने ठेवू नये. बाहेर काढल्यावर धुऊन, पुसून लगेच तेल लावावे, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस गंज धरतो. आणि हो, मळीला उत्पादन शुल्क खात्याचे नियम असतात. डबा घेऊन परस्पर कुणाकडे जाऊ नका, कार्यालयात विचारून रीतसर काय होईल तेच करा.

गिअरबॉक्स उघडला तर आत तेलाऐवजी कुणीतरी ग्रीस ठासलेले. वर्म गिअरचे गनमेटलचे चाक दैवाने शाबूत होते. रॉकेलने धुऊन, सील बदलून ४६० नंबरचे तेल भरले. बेअरिंगे नांदेडला मिळाली.

आता मुख्य दुखणे, पाती खाण्याचे. त्यासाठी आम्ही नरसी फाट्याकडच्या एका वयस्कर मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी पात्याला हातही लावला नाही. चाकावर खडूची रेघ ओढली, मशीन चालू करायला सांगितले आणि घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला ९० भरले. मग मोटारीवरची पाटी चिंधीने पुसून वाचली आणि हसून म्हणाले, "पातं काय करील बापू? ही तर विहिरीवरची मोटर हाय. निम्म्यानं पळायला पायजे." पाटीवर २८८० फेरे लिहिलेले होते. पंपाच्या मोटारी पुष्कळदा अशा दोन पोलच्या असतात. या करवतीला १४४० फेऱ्यांची, चार पोलची मोटार हवी होती. मूळची जळाल्यावर कुणीतरी हाताशी होती ती बसवली असणार.

हिशेब सोपा आहे. चाकाचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर. मिनिटाला ९० फेरे म्हणजे पाते ८५ मीटर पळते. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याचे दाते तेवढ्या वेगात, तेही कोरडे, तापून मऊ पडतात आणि झिजतात. मोटार बदलली. पुलीच्या वरच्या पायरीवर आता ४२ मीटर आणि मधल्या पायरीवर २८ मीटर वेग मिळतो. साधे लोखंड वरच्या पायरीवर, आसाचे कडक पोलाद मधल्या पायरीवर. शेतीच्या कनेक्शनवर वर्कशॉप चालवणे नियमात बसत नाही आणि शेतीची थ्री फेज लाइन तरी कुठे दिवसभर असते? म्हणून दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटार घेतली आणि वेगळे मीटर बसवून घेतले.

त्या भेंडोळ्यातली दोन पाती झिजलेली नव्हती, जोडावरच तुटलेली होती. पुतण्या म्हणाला, "काका, गॅसनं जोडून पाहू का?" मिस्त्रींनी मान हलवली. गंमत अशी की या यंत्राचे घोडे जगात सर्वत्र याच जोडापाशी अडले होते. विल्यम न्यूबेरी या इंग्रजाने १८०९ मध्ये पट्टा करवतीचे पेटंट घेतले, पण चाकावरून वाकत वाकत पट्टा तुटे, त्यामुळे करवत कागदावरच राहिली. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी अॅन पॉलिन क्रेपिन या फ्रेंच बाईंनी टिकाऊ जोडाची रीत काढून १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पॅरिसच्या पेरिन कंपनीने तो हक्क विकत घेतला, तेव्हा कुठे ही करवत कारखान्यात आली. जोड मारल्यावर तो पुन्हा बेताने तापवून नरम करावा लागतो, तरच वाकतो. खास वेल्डिंग यंत्राशिवाय ते होत नाही. आम्ही सरळ बायमेटल पाते घेतले. त्याची पाठ स्प्रिंगसारखी लवचिक आणि दाते हायस्पीड पोलादाचे असतात.

पाते घेताना दात्यांचा विचार करावा. कापात एका वेळी निदान तीन दाते असावेत, नाहीतर दाता अडकून मोडतो. भरीव बारला इंचात ४/६ दात्यांचे आणि पातळ पाइपला १०/१४ दात्यांचे पाते बरे.

नवे पाते चढवल्यावरही काप तिरका जात होता. गुण्या लावून पाहिले तर पाते टेबलाशी काटकोनात उभेच नव्हते. मार्गदर्शक बेअरिंगे झिजून त्यांना खाच पडली होती. ती बदलली. वरचा हात धाडकन खाली येई, कारण तेलाच्या सिलिंडरचे सील गेले होते. ते ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवाल्याकडे मिळाले. हात किती दाबाने उतरावा हे कीस सांगतो. बारीक शेवेसारखा कुरळा कीस पडला की समजावे ठीक आहे. भुकटी पडली तर दाब कमी, निळा कीस पडला तर दाब किंवा वेग जास्त. नवे पाते पहिले काही काप निम्म्या दाबाने चालवावे.

सगळा खर्च धरून, मोटार आणि पात्यासह, यंत्र आम्हाला सत्तावीस हजारांच्या आसपास पडले. तीन इंची बार कापायला चकतीपेक्षा वेळ अधिक लागतो हे खरे. पण व्हाईसमध्ये माल धरून दिला की पुतण्या शेजारी दुसरे वेल्डिंग करू शकतो. मात्र वेल्डिंगच्याही ठिणग्या उडतातच, त्यासाठी तिन्ही बाजूंनी पत्रा लावला आहे आणि गंजी हलवून बांधाच्या टोकाला नेली आहे. चकतीचे मशीन अजून विकलेले नाही, पण उन्हाळ्यात त्याला हात लावायचा नाही असे ठरले आहे.

पाते उलगडताना चामड्याचे मोजे घालावेत, कारण ते सापासारखे उसळते. मशीन चालू असताना मात्र मोजे घालू नयेत. अर्थिंग तपासून घ्यावे, पट्ट्याचे झाकण काढून चालवू नये. संध्याकाळी पात्याचा ताण सैल करावा. कूलंटचा पंप अजून बसवायचा राहिला आहे. तोवर सोल्युबल ऑइल पाण्यात वीसास एक कालवून सलाईनच्या बाटलीतून थेंब थेंब सोडतो. बाटली शेडच्या आढ्याला टांगलेली आहे, येणारे-जाणारे विचारतात, "पेशंट कसा आहे?" पेशंटने परवाच पहिल्या ट्रॉलीचा हुक कापून दिला.