पिस्तूल-शिक्षणातील विधाने आणि आज्ञा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक राज्यांत सज्ञान नागरिकास, कोठे परवान्याने तर कोठे त्यावाचूनही, वस्त्राआड पिस्तूल बाळगता येते. असे पिस्तूल होल्स्टरमधून सुरक्षितपणे व दर वेळी एकाच रीतीने उपसणे हा तेथे स्वतंत्र शिक्षणाचा विषय आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे याचे कारण असे की, येथे शब्दयोजनेतील सैलपणा हा केवळ शैलीचा दोष राहत नाही. त्यापायी शिकणाऱ्याच्याच मांडीत गोळी शिरण्याचा संभव असतो.

या शिक्षणपद्धतीस वळण देणारे जेफ कूपर (१९२०–२००६) यांनी १९७६ साली ॲरिझोना राज्यात आपली संस्था स्थापन केली. त्यांच्या चार नियमांपैकी पहिला, सर्व बंदुका सदैव भरलेल्याच असतात, असा आहे. वस्तुतः हे विधान उघडच असत्य होय. म्हणून पुष्कळ शिक्षक ‘भरलेली आहे असे समजून वागा’ अशी दुरुस्ती करतात. कूपर यांना ती मान्य नव्हती. ‘असे समजून’ म्हणताच ‘वास्तविक तसे नाही’ हा अर्थ मागील दाराने आत येतो. मराठीत तर ‘आहे’ आणि ‘असते’ हा भेदच उपलब्ध आहे. ‘हे पिस्तूल भरलेले आहे’ हे विशिष्ट वस्तूविषयीचे, तपासून पाहता येणारे विधान. ‘पिस्तूल भरलेलेच असते’ हा जातिधर्म. इंग्रजीस एकाच क्रियारूपावर भागवावे लागते ते मराठीस आपसूक साधते.

उपसण्याची कृती शिकविताना तिचे तुकडे पाडतात. एका हाताने सदरा पुरता वर ओढून धरावयाचा. दुसऱ्याने पिस्तूल आत असतानाच मुठीची अखेरची पकड घ्यावयाची, कारण ती मागाहून सुधारता येत नाही. नंतर ते सरळ वर काढून बरगडीशी नळी लक्ष्याकडे वळवावयाची, छातीपुढे दोन्ही हात जुळवावयाचे व मग पुढे करावयाचे. नळी आपल्याच दुसऱ्या हातावरून जाता कामा नये. माशी लक्ष्यावर येऊन निर्णय होईपर्यंत तर्जनी चापाबाहेर, सरळ. परत ठेवताना मात्र घाई कसलीच नसते. होल्स्टरच्या तोंडाशी पाहून, सदऱ्याचे टोक वा नाडी आत गुंतलेली नाही अशी खात्री करून, सावकाश ठेवावयाचे. वेगाचे कौतुक करणारे नवशिके नेमके येथेच फसतात.

फिट्स व पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्यार्जनाच्या तीन अवस्था सांगितल्या. पहिलीत शिकणारा प्रत्येक हालचाल मनात शब्दांनी बोलत असतो. तिसरीत शब्द गळून पडतात. म्हणजे सूचना लुप्त होण्यासाठीच दिलेली असते, आणि लुप्त होताना तिच्यातील चूकही हाताच्या सवयीत उतरते. म्हणूनच आरंभीचा सराव संथ व काडतुसांवाचून करावयाचा: काडतुसे दुसऱ्या खोलीत, पिस्तूल डोळ्यांनी व बोटाने तपासलेले, समोर गोळी थोपवील अशी भिंत.

या सरावाच्या अखेरीस ‘सराव संपला’ असे मोठ्याने उच्चारण्याची शिस्त अनेक शिक्षक लावतात. एकट्याने, रिकाम्या खोलीत! ऑस्टिन यांच्या १९६२ सालच्या ग्रंथात ज्या उक्तींना कृतीचे स्थान मिळाले त्यांपैकीच ही एक. पिस्तूल पुन्हा भरल्यावर ‘आणखी एकदाच’ असा मोह होतो आणि गोळी सुटते. उच्चारलेले वाक्य त्या मोहाच्या आड येते. नेमबाजीच्या स्पर्धांतही हाच प्रकार संघटित रूपात आढळतो. पंच प्रथम ‘संपले असल्यास’ रिकामे करून दाखविण्यास सांगतो, मग ‘रिकामे असल्यास’ होल्स्टरमध्ये ठेवण्यास; दोन्ही आज्ञा सशर्त, कारण शर्त पुरी झाल्याची जबाबदारी नेमबाजावर राहावी. अखेरचे वाक्य मात्र आज्ञाही नव्हे आणि सशर्तही नव्हे. मैदान मोकळे आहे, एवढेच पंच म्हणतो, आणि तो म्हणेपर्यंत कोणालाही लक्ष्याकडे पाऊल टाकता येत नाही.