पाण्यावरचा संसार

संध्याकाळी अंबाझरीच्या बांधावर फिरायला येणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा. पेन्शन, गुडघे, पुण्याला किंवा परदेशात गेलेला मुलगा, एवढे विषय पहिल्या फेरीतच संपतात. आमच्या कंपूतले एक स्नेही मात्र गेली काही वर्षे एकच विषय लावून धरतात. सरकारी नोकरीत असताना एलटीसी घेऊन ते सपत्नीक अंदमानला गेले होते. तेव्हा हॅवलॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, २०१८ पासून स्वराज द्वीप झालेल्या बेटाजवळ त्यांनी शिडाची एक छोटी नौका नांगरलेली पाहिली. नौकेवर एक गोरे म्हातारे जोडपे. आजोबा कसलासा पंप उघडून बसलेले, आजी दोरीवर कपडे वाळत घालताहेत. ‘अहो, हे लोक घरच बरोबर घेऊन फिरतात!’ हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवले आहे की विचारू नका. वहिनींचे उत्तरही ठरलेले. ‘आधी गच्चीवरची टाकी धुऊन द्या.’

नागपूरकरांना समुद्राचे वेड लागावे यात नवल नाही. मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर दूर. लहानपणी समुद्र भेटला तो भूगोलाच्या पुस्तकात. व्यापारी वारे, मोसमी वारे, प्रवाळाची बेटे ही नावे आपण परीक्षेपुरती पाठ केली आणि विसरलो. पण निवृत्तीनंतर नौकेवर राहायला जाणाऱ्यांचे सारे आयुष्य याच धड्यावर चालते. दक्षिण पॅसिफिकमध्ये वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, म्हणून नौका पनामाहून निघतात आणि गॅलापागोस, मार्केसास, ताहिती, टोंगा, फिजी अशा बेटाबेटाने पश्चिमेला सरकतात. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे चक्रीवादळांचा हंगाम. त्याआधी बहुतेक जण न्यूझीलंडसारख्या सुरक्षित ठिकाणी पोहोचतात. आपल्या कोकणातला खलाशी काय वेगळे करीत होता? पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढायचे आणि नारळी पौर्णिमा झाल्यावरच पाण्यात लोटायचे!

आता वेगाचा हिशेब. बेताच्या आकाराची नौका तासाला पाच सागरी मैल, म्हणजे नऊ-साडेनऊ किलोमीटर जाते. या वेगाने नागपूरहून अमरावती गाठायला सोळा-सतरा तास लागतील. गॅलापागोस ते मार्केसास हे अंतर सुमारे ३,००० सागरी मैलांचे. पंचवीस दिवस मध्ये ना गाव, ना दुकान, ना डॉक्टर.

आणि या पंचवीस दिवसांत नौका रात्री थांबत नाही. भर समुद्रात नांगर तळाला पोहोचत नाही आणि जहाजांच्या वाटेवर लक्ष ठेवावेच लागते. मग दोघांत पहारे वाटून घ्यायचे. तीन-चार तास एकाने जागायचे, तेवढा वेळ दुसऱ्याने झोपायचे. निवृत्तीनंतर एकमेकांना वेळ देऊ म्हणून निघालेल्या जोडप्याची भेट होते ती पाळी बदलताना, मध्यरात्री दोन वाजता, चहाच्या कपावर!

उरलेला दिवस घरकामात जातो. पिण्याचे पाणी टाकीत मोजून असते, म्हणून भांडी समुद्राच्या पाण्यात धुऊन गोड्या पाण्यात नुसती विसळायची. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या आपल्या गृहिणींना हे वेगळे शिकवायला नको. अंडी टिकावीत म्हणून त्यांना व्हॅसलीन चोळतात आणि दर थोड्या दिवसांनी उलटून ठेवतात. ताजी भाजी संपली की मूग भिजवून मोड आणतात. इंधन आणि पाणी दोन्ही वाचते म्हणून प्रेशर कुकरला नौकेवर मोठा मान. म्हणजे जग फिरून माणूस शेवटी उसळ-भातावरच येतो! भरीला खाऱ्या हवेने गंजणारे सामान, तुंबणारा संडास, उसवलेले शीड. अंदमानच्या त्या आजोबांच्या हातातला पंप हा योगायोग नव्हता. बहुधा त्यांचा तो रोजचाच कार्यक्रम असावा.

हे सारे दोघांनाही हवे असेल तरच निभते. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ अशी तीन वर्षे तो फिरला. त्याच्या धाडसाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, त्याच्या बायकोची फारशी कुणी सांगत नाही. आपली दुसरी पत्नी हेटी हिला त्याने लग्नानंतर लगेच जहाजावर नेले. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ते जहाज फुटले. मग स्लोकमने स्वतः एक लहान नौका बांधली आणि बायको व दोन मुलांना घेऊन १८८८ मध्ये तो अमेरिकेला परतला. त्यानंतर हेटी त्याच्याबरोबर समुद्रावर गेली नाही. तिला दोष कोण देईल?

दुसरे टोक पाहायचे तर पॉल आणि रेचेल चँडलर हे इंग्रज जोडपे. नोकरीतून लवकर निवृत्त होऊन दोघे ‘लिन रायव्हल’ या आपल्या नौकेवर फिरत होते. ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्स बेटांहून टांझानियाकडे निघाले असताना रात्रीच्या अंधारात सोमाली चाच्यांनी त्यांना पकडले. ३८८ दिवस ते कैदेत होते. त्यांना एकमेकांपासून वेगळे करायला चाचे आले तेव्हा दोघांनी विरोध केला आणि मार खाल्ला. तरीही त्यांना वेगळे ठेवलेच. १४ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांची सुटका झाली. ब्रिटिश आरमाराने नौका आधीच ताब्यात घेतली होती. ती दुरुस्त करून २०१२ मध्ये हे दोघे पुन्हा समुद्रावर निघाले! आमच्या स्नेह्यांना ही गोष्ट फार आवडते. स्कॉट आणि जीन अ‍ॅडम या अमेरिकन दांपत्याची मात्र ते सांगत नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबईहून ओमानकडे जाताना चाच्यांनी त्यांची नौका पकडली, आणि नौकेवरचे चौघेही मारले गेले.

मग आपला माणूस यात कुठे आहे? आंग्र्यांच्या आरमाराचा वारसा सांगणाऱ्या आपण समुद्राकडे युद्ध, व्यापार आणि मासळी यांसाठी पाहिले. हौसेने पाण्यावर राहायला जाणे आपल्या रीतीत बसले नाही. सोयही नव्हती. कोचीजवळच्या बोळगट्टी बेटावर अशा नौकांसाठी धक्का उभा राहिला तो २०१० मध्ये. पण निवृत्तीनंतर समुद्राने झपाटलेला एक मराठी माणूस होता. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्राचे मानकरी. १९८३ मध्ये ते नौदलातून निवृत्त झाले आणि राहायला गेले कुठे, तर साताऱ्यातल्या फलटणजवळ विंचुर्णीला, कमी पावसाच्या मुलखात! तिथे बसून त्यांनी एकच ध्यास घेतला. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी घालावी.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची ‘म्हादेई’ बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दिलीप दोंदे हे नौदल अधिकारी ती घेऊन मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. तेव्हा आवटींचे वय होते ८२. २०१८ मध्ये ते गेले तोवर नौदलाच्या सहा महिला अधिकारीही ‘तारिणी’तून जग फिरून आल्या होत्या.

हे सगळे मी परवा बांधावर सांगितले. आवटींचे ऐकून स्नेह्यांची छाती फुगली. पाण्यात एनसीसीच्या मुलांची होडी वळत होती, तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. वहिनी एवढ्या वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारले, ‘रात्रीचे ते पहारे... चार-चार तासांचे की तीन-तीन तासांचे?’

‘ते आपण ठरवायचं,’ स्नेही घाईने म्हणाले.

‘मग दोन ते पाच माझा,’ वहिनी म्हणाल्या. ‘नाही तरी तुमच्या घोरण्याने मी जागीच असते.’