हौद्यातलं वजन

मी कविता लिहितो आणि पिकअप चालवतो. ही दोन वाक्यं एका दमात सांगितली की लोक हसतात. कविसंमेलनात मंडळी पहिल्या वाक्याला मान डोलावतात आणि दुसऱ्याला दचकतात. मार्केट यार्डात नेमकं उलटं होतं. कवितेविषयी पुष्कळ बोलून झालं आहे, तेव्हा आज गाडीविषयी बोलतो.

मी राहतो एकलहऱ्यात. नाशिकरोडपासून थोड्या अंतरावर, गोदावरीच्या काठी. आमच्या गावाचं नाव बाहेर माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. १९७०-७१च्या सुमारास १४० मेगावॉटचे दोन संच इथे सुरू झाले, नंतर १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन आले. पहिले दोन २०११मध्ये बंद झाले. कोळसा रेल्वेनं येतो आणि वीज तारांवरून निघून जाते. मागे राहते ती राख. १९९९मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या आसपासच्या वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं, आणि राखेच्या करड्या विटा घरोघर जाऊ लागल्या. त्या काही तारांवरून जात नाहीत. त्यांना गाडी लागते. सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढे या पट्ट्यातला भाजीपाला, टोमॅटो, कांदा यांनाही गाडीच लागते. बैलगाडीला रस्त्यानं हाकललं, मोठा ट्रक शेताच्या बांधापर्यंत येत नाही. या दोघांच्या मधली जागा पिकअपनं भरून काढली.

माझे अब्बा माल वाहणाऱ्या कुठल्याही छोट्या गाडीला 'टेम्पो' म्हणत. तुम्हीही म्हणत असाल. हा शब्द आपल्याकडे आला जर्मनीतून. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचं ते नाव. १९५८मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोनं तिची तीनचाकी इथे बनवायला घेतली आणि कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं. मग मॅटाडोर आली. १९८६मध्ये टाटांची ४०७ आली, तिला कोणी नावानं हाक मारलीच नाही, आकड्यानंच ओळखलं. २००५मध्ये टाटा एस आली आणि लोकांनी तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं. हे नाव ज्या कोणाला सुचलं, त्याला मी कवीच मानतो.

महिंद्राचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नाशिकच्या माणसाला हे नाव घरचं, सातपूरच्या कारखान्यात घरटी एक तरी माणूस असल्यासारखं. पण १९४५मध्ये ही कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. महिंद्रा बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८मध्ये कंपनीनं नाव बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' केलं. आद्याक्षरं तीच राहिली. पोलादाच्या व्यापारापासून तिनं सुरुवात केली, मग जोडणी करून जीप विकल्या आणि त्याच घराण्याची पिकअप आज माझ्या दारात उभी असते. चहाच्या टपरीवर हा किस्सा सांगितला की लोक माझ्याकडे बघून म्हणतात, "म्हणजे भाई, गाडीत तुमचाही वाटा आहे!" मी म्हणतो, वाटा नाही, हप्ता आहे.

पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, पासिंग किती? म्हणजे कागदावर किती वजन वाहायची मुभा आहे. प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर तो नंतर विसरतो. आरसी बुकात दोन आकडे असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं एकूण वजन, म्हणजे गाडी, माल आणि केबिनमधली माणसं सगळी मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो तुमचा हक्क. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट काढावं लागत नाही. म्हणून बाजारातल्या बऱ्याच पिकअपचा आकडा तीन हजारांच्या जरा आत ठेवलेला दिसेल. पाटी मात्र पिवळीच, आणि फिटनेसची तपासणीही ठरलेल्या मुदतीनं करावीच लागते. लायसनचा घोळ बरीच वर्षं कोर्टात चालला होता. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४मध्ये नक्की केलं. त्या दिवशी आमच्या नाक्यावर पेढे वाटले नाहीत एवढंच.

आता वजनाकडे येतो. समजा, गाडी १,३०० किलोची आहे. टोमॅटोची जाळी २० किलोची, वर रिकाम्या जाळीचं वजन. म्हणजे साठेक जाळ्या झाल्या की संपलं. कोथिंबीर भरली तर हौदा शिगोशीग भरून वर ताडपत्री ताणली तरी काटा निम्म्यावर येत नाही. आणि राखेची वीट? एक वीट साधारण पावणेतीन-तीन किलोची. साडेचारशे विटा झाल्या की १,३०० किलो पुरे. पण साडेचारशे विटा हौद्यात पसरल्या तर थर जेमतेम वीतभर दिसतो! गिऱ्हाईक बघतो, म्हणतो, "अर्धी गाडी रिकामीच आहे की. टाका अजून पाचशे." डोळ्याला रिकामं दिसतं ते पाट्यांना रिकामं नसतं. पाण्याचे २०० लिटरचे सहा ड्रम ठेवले तरी बाराशे किलो झाले. जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला कळलं त्याची गाडी टिकते.

लोक जादा का भरतात? हावरटपणानं भरतात असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नाही. हप्ता ठरलेला, विमा ठरलेला, डिझेल जाताना जेवढं तेवढंच येताना. परतीचं भाडं मिळेलच असं नाही. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल गेला तर चार पैसे उरतात, नाहीतर हिशेब शून्यावर येतो. शेतकऱ्यालाही तेच हवं असतं, कारण भाव संध्याकाळपर्यंत उतरेल ही भीती त्याच्या मानेवर असते. केंद्राच्या २०१९च्या दुरुस्तीनं जादा वजनाचा दंड दोन हजारांवरून २० हजारांवर नेला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार. तरी गाड्या वाकलेल्या दिसतातच.

त्यावर गॅरेजमध्ये एक सोपा इलाज मिळतो. जादा पाटा. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची जी चळत असते, तिच्यात आणखी एक-दोन पाटे घालून देतात. गाडी मग वाकत नाही. मालक खूश. पण त्यानं झालं काय? गाडीचं वाकणं थांबलं, वजन तेवढंच राहिलं. ब्रेक तेच, टायर तेच, चाकाचे बेअरिंग तेच, चेसिस तीच. वाकलेली गाडी निदान सांगत तरी होती की मला झेपत नाही. जादा पाट्यानं तिचं तोंड बंद केलं. शिवाय पुष्कळ पिकअपमध्ये मागचा भाग किती दबला आहे ते ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह असतो. पाटे कडक केले की गाडी दबत नाही, आणि व्हॉल्व्हला वाटतं माल कमी आहे. म्हणजे ब्रेक जास्त हवा तेव्हाच तो कमी मिळतो.

मालाची जागाही महत्त्वाची. जड माल केबिनला चिकटून, खाली. हलका मागे आणि वर. सगळं ओझं फाळक्याकडे टाकलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरू लागतं. ते हलकं लागलं की नवशिक्याला आनंद होतो, जुन्याला घाम फुटतो. रिकाम्या गाडीचं वेगळंच. तिचे पाटे मालासाठी बनवलेले, त्यामुळे रिकामी असताना ती उधळते. पहिल्या पावसात, चिखलात मागची चाकं सरकतात. मी पावसाळ्यात हौद्यात केबिनमागे वाळूची दोन-तीन पोती ठेवतो आणि ती बांधून ठेवतो.

वाशीला माल घेऊन जाताना कसारा घाट लागतो. तिथे जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. काही पठ्ठे डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरतात. अलीकडच्या इंजिनात गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर डिझेल जवळजवळ जातच नाही, त्यामुळे ती बचतही खोटी. इंजिनच बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही गेली.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे हे सगळं सांगत होतो, ती. हौद्यातली माणसं.

तुमच्या दारात पिकअप असली की अर्धं गाव तुमचं नातेवाईक होतं. हळदीचं वऱ्हाड, यात्रा, उरूस, दहाव्याला नदीवर, दफनविधीला कब्रस्तानात, सगळ्यांना गाडी हवी. छाटणी-निंदणीच्या दिवसांत मजूर बायकांच्या टोळ्या. मी नाही म्हणतो. पहिली काही वर्षं लोकांना वाटलं, कवी आहे, शिष्ट झाला. एकदा टोळीतल्या एका आजींनी मला सरळ विचारलं, "कांदा नेतो रं बाबा, मग आम्हीच का जड झालो? आमचं वजन ते किती!"

आजींचं गणित चूक नव्हतं. पंचवीस बाया, पन्नास-पन्नास किलोच्या, म्हणजे साडेबाराशे किलो. काट्यावर गाडी पास. पण मी त्यांना म्हटलं, आजी, कांदा उभा राहत नाही. माणूस उभा राहतो. हौद्याचा तळ जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. कांद्याचं ओझं त्या तळालगत असतं. माणूस उभा राहिला की त्याचा भार कमरेपाशी, म्हणजे जमिनीपासून पाच-सहा फुटांवर जातो. गाडी तीच, वजन तेवढंच, पण आता ती डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईसारखी झाली. वळण आलं की सगळी माणसं एकाच बाजूला झुकतात, एकमेकींना धरतात, आणि गाडी नेमकी ज्या बाजूला कलते आहे त्याच बाजूला सगळं वजन लोटतात. चढावर सगळ्या फाळक्याकडे सरकतात, म्हणजे पुढची चाकं हलकी. बाजूच्या फळ्या गुडघ्याच्या थोड्या वर. धरायला काही नाही. पोतं पडलं तर फाटतं. पुढचं मी बोललो नाही, आजीच गप्प झाल्या.

ही काल्पनिक भीती नाही. २० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप दरीत कोसळली. एकोणीस जण गेले, बहुतेक बाया. ऑगस्ट २०२५मध्ये, श्रावणी सोमवारी, आपल्या पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटाच्या चढावर मागे येऊन खाली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नंदुरबारच्या चांदसैली घाटात अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्यांची गाडी उलटली. बातमीत दर वेळी 'पिकअप उलटली' असं येतं. ती माल घेऊन जात असती तर उलटली असती का, हे कोणी विचारत नाही.

विम्याचंही सांगून ठेवतो, कारण ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. १९९४च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्यानं नेमलेला माणूस मालासोबत असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. पण नुसतंच बसवून नेलेल्या माणसांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी मागायचं ते गाडीमालकाकडे, आणि गाडीमालकाकडे असतो तो हप्ता.

अपवाद मी केले आहेत. सर्पदंश झालेल्या पोराला रात्री नाशिकरोडला नेलं, पण केबिनमध्ये, आईच्या मांडीवर. हौद्यात कोणी नाही.

टोळीचा प्रश्न राहिला होता. मुकादमाचं म्हणणं, प्रवासी जीप परवडत नाही. आम्ही दोघं पारावर बसून हिशेब मांडला. जीपच्या दोन फेऱ्या आणि पिकअपची एक फेरी यांतला फरक बायांच्या संख्येनं भागला, तर डोक्यामागे चहाच्या दोन कपांएवढा आला. मुकादम म्हणाला, तो कोणी द्यायचा? मी म्हटलं, ज्याच्या शेतात काम आहे त्याला विचारून बघ. दोन शेतकऱ्यांनी लगेच हो म्हटलं, तिसऱ्यानं आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी निम्मा द्यायचं कबूल केलं. आता सकाळी जीप पुढे निघते. विळे, टोपल्या, पाण्याचे ड्रम आणि जेवणाचे डबे माझ्या हौद्यात, केबिनला चिकटून बांधलेले. डब्यांचं भाडं मी घेत नाही.