अपयशाचे भय आणि पद्मपूरचा भवभूती

गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. संस्कृत नाटककार भवभूती याने ‘महावीरचरित’ नाटकाच्या प्रस्तावनेत विदर्भातील पद्मपूर हे आपल्या घराण्याचे गाव म्हणून सांगितले आहे. ते पद्मपूर म्हणजेच आमगावजवळचे हे गाव होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयासही भवभूतीचेच नाव देण्यात आले आहे.

आठव्या शतकातील या नाटककाराच्या वाट्यास प्रारंभी उपेक्षा आली असावी. ‘मालतीमाधव’ या नाटकाच्या आरंभी तो आपली अवहेलना करणाऱ्यांना उद्देशून बोलतो. हा प्रयत्न तुमच्यासाठी नाहीच. काळ अमर्याद आहे, पृथ्वी विशाल आहे, कोणीतरी समानधर्मी केव्हातरी जन्मास येईल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. त्याची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर झाली. यात्रेतील प्रेक्षक नाटक न रुचल्यास गप्प बसत नाही, हे झाडीपट्टीत मंडईच्या रात्री रंगमंचावर उभे राहणाऱ्यांस सांगावयास नको.

तथापि भवभूती केवळ उत्तर देऊन थांबला नाही. ‘महावीरचरित’ ही सामान्यतः त्याची पहिली कृती मानली जाते. पुढे त्याने रामकथा बाजूस ठेवून कल्पित कथानकावर ‘मालतीमाधव’ रचले आणि नंतर पुन्हा रामकथेकडेच वळून, वीररसाऐवजी करुणरसाच्या आश्रयाने ‘उत्तररामचरित’ लिहिले. त्याची कीर्ती मुख्यतः या नाटकावर उभी आहे. एकोणिसाव्या शतकात परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ते मराठीत आणले. विषय तोच, रीत मात्र नवी, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

अपयशाचे भय हे बहुतांशी लोकनिंदेचे भय असते. दहावीस गणितात अडलेल्या मुलास गणितापेक्षा निकालाच्या दिवशीचा गावातील पार अधिक भिववतो. परिचारिका होण्याची इच्छा बाळगणारी मुलगी त्या एका दिवसानंतर ती इच्छा पुन्हा बोलून दाखवीत नाही. परंतु सर्वच भय मनाचे नसते. वर्ष वाया जाणे हा गरीब कुटुंबास खराखुरा तोटा असतो, आणि केवळ ‘धीर धर’ म्हटल्याने तो भरून निघत नाही.

हा तोटा कमी करण्याचा मार्ग राज्यात २०१५ साली निघाला. तत्पूर्वी मार्चमध्ये अनुत्तीर्ण झालेल्यास ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे व वर्ष हातचे जाई. २०१५ मध्ये दहावीची पुरवणी परीक्षा प्रथमच जुलैमध्ये घेण्यात आली व त्याच वर्षी अकरावीत प्रवेश मिळणे शक्य झाले. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांस एटीकेटीची सवलत आहे. शाळा सुटलेल्यांस नमुना क्रमांक १७ भरून खाजगीरीत्या परीक्षेस बसता येते.

तरीही आपल्या जिल्ह्यात एक अडचण उरते. पुरवणी परीक्षेचा हंगाम आणि धानाच्या रोवणीचा हंगाम जवळजवळ एकच. चिखलणी झालेली असते, मजूर मिळत नाहीत, आणि घरात नापास झालेला मुलगा मोकळा दिसतो. त्याला बांधीत उतरविण्यात आईवडिलांचा दुष्टपणा नसतो. परंतु एकदा हुकलेली परीक्षा बहुधा कायमची हुकते. आवेदनपत्राची मुदत तर रोवणी सुरू होण्याआधीच संपते, आणि ती घरोघर ठाऊक नसते.

येथे पंचायत सदस्यांस करण्याजोगे काम आहे. निकालानंतर आठवडाभरात मुख्याध्यापकांकडून राहिलेल्या विद्यार्थ्यांची माहिती घ्यावी. ती फलकावर लावू नये. घरी जाऊन मुदत सांगावी. परीक्षेच्या दिवसांपुरते त्या घरच्या रोवणीस शेजाऱ्यांचे हात मिळतील, एवढे पाहावे. शिक्षकांनी त्या महिनाभरात राहिलेला विषय पुन्हा शिकवावा, पण मार्चमध्ये ज्या रीतीने शिकविला होता त्या रीतीने नव्हे.